पांघरूण ते उंबरठा : थंडीतील धावणे आणि नियमाचे बळ

(थंडीच्या दिवसांत नव्याने धावू लागलेल्या तरुण व प्रौढांच्या पहाटेच्या एकत्रीकरणात झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



दिवाळी आटोपली की पुणे, नाशिक, नागपूर अशा शहरांतील मैदानांवर दरवर्षी एक ठरावीक दृश्य दिसते. फराळाने वाढलेले वजन, डॉक्टरांनी दिलेली समज किंवा कार्यालयातील सहकाऱ्याचे अनुकरण, कारण काहीही असो, नवे बूट घातलेली पुष्कळ मंडळी पहाटे मैदानावर येऊ लागतात. हवा आल्हाददायक असते आणि उत्साह ओसंडून वाहत असतो. मग उत्तरेचे वारे सुरू होतात, पारा उतरू लागतो. कार्तिकातील ती गर्दी मार्गशीर्षात रोडावते आणि पौष लागेपर्यंत मैदानावर तेच जुने चेहरे उरतात. नवे बूट घराच्या कोपऱ्यात जातात. त्यांच्यावर धूळ बसते आणि ते दिसले की त्यांचा मालक मान वळवतो.

या मान वळवण्याकडे गांभीर्याने पाहिले पाहिजे. धावणे सुटल्याने होणारी हानी केवळ शरीराची नसते. स्वतःला दिलेला शब्द मोडल्याची एक बारीक सल मनात राहते. 'आपल्याच्याने हे होणे नाही' असा निष्कर्ष मनुष्य काढतो आणि पुढच्या प्रत्येक संकल्पाच्या वेळी तो निष्कर्ष आडवा येतो. वास्तविक तो चुकलेला असतो. त्याचे पाय कमकुवत नसतात, त्याची इच्छाही खोटी नसते. मैदानावर पोहोचल्यावर परत फिरलेला मनुष्य क्वचितच आढळतो. पराभव होतो तो पांघरूण आणि घराचा उंबरठा यांच्यामधल्या दहा-पंधरा पावलांत. थंडीतील धावण्याचा सारा प्रश्न त्या दहा-पंधरा पावलांचा आहे.

थंडी शत्रू नव्हे

प्रथम थंडीविषयीचा एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. महाराष्ट्रातील मोठ्या शर्यती केव्हा होतात ते पाहावे. १९८३ साली सुरू झालेली पुण्याची आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन प्रदीर्घ काळ डिसेंबरात होत आली. २००४ साली सुरू झालेली मुंबई मॅरेथॉन जानेवारीत होते. हे महिने सहज निवडलेले नाहीत. धावताना स्नायूंनी निर्माण केलेल्या शक्तीचा मोठा भाग उष्णतेच्या रूपाने बाहेर पडतो. ही उष्णता शरीराबाहेर टाकण्यासाठी घाम गाळावा लागतो आणि रक्त त्वचेकडे वळवावे लागते, त्यामुळे हृदयावरचा भार वाढतो. गार हवेत हे काम हवाच करते. दीर्घ पल्ल्याच्या धावण्याला साधारण दहा अंशांच्या आसपासचे तापमान सर्वाधिक अनुकूल मानले जाते. म्हणजे पुण्या-नाशिकचा मनुष्य ज्या पहाटेला पाहून पांघरूण डोक्यावर ओढतो, तशी पहाट लाभावी म्हणून जगभरचे धावपटू आसुसलेले असतात.

मग थंडी बोचते का? कारण सरळ आहे. बिछान्यातील ऊब आणि बाहेरचा गारठा यांत एकदम फार मोठे अंतर असते. शरीर स्थिर असते तोवर हातापायांच्या रक्तवाहिन्या आकुंचित होतात, बोटे बधिर होतात, स्नायू आखडतात. ही अवस्था धावू लागल्यावर पहिली दहाएक मिनिटे टिकते. त्यानंतर शरीर स्वतःची शेकोटी पेटवते. नव्याने धावणारा मनुष्य या दहा मिनिटांवरून पुढच्या तासाचा अंदाज बांधतो आणि फसतो. ज्याने एकदा ही दहा मिनिटे ओलांडली, त्याला ठाऊक असते की थंडीची परीक्षा आरंभीच संपते.

निफाड परिसरातील शेतकऱ्यास हे कोणी शिकवावे लागत नाही. तेथे कित्येक हिवाळ्यांत पारा पाच अंशांच्या खाली उतरतो. द्राक्षाच्या घडांची वाढ थांबू नये, मणी खराब होऊ नयेत म्हणून बागायतदार ऐन गारठ्यात उठून बागेत शेकोट्या पेटवतात, धूर करतात, ठिबकचे पाणी सोडतात. त्या वेळी 'आज उत्साह आहे की नाही' हा विचार त्यांच्या मनाला शिवतही नाही. वर्षाचे पीक समोर असते आणि घड्याळ ठरलेले असते. उत्साहावर अवलंबून असलेली शेती एका हंगामातच बुडाली असती.

उत्साहाची मर्यादा

येथेच मुख्य मुद्द्याला हात घालता येतो. नवा धावपटू सतत उत्साहाचा शोध घेत असतो. तो प्रेरक चित्रफिती पाहतो, सुविचार वाचतो, महागडे घड्याळ घेतो. या साऱ्याचा परिणाम रात्री नऊ वाजता उत्तम होतो. पहाटे साडेपाचला मात्र त्यातले काहीही हाताशी नसते. उत्साह हा पाहुणा आहे. तो येतो तेव्हा स्वागत करावे, पण घरचा कारभार त्याच्या हाती देऊ नये. कारभार नियमाकडे असावा.

नियम अंगवळणी पडण्यास वेळ लागतो. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील संशोधकांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात ९६ जणांनी भाग घेतला होता. प्रत्येकाने एखादी साधी कृती रोज ठरावीक प्रसंगाशी जोडून करावयाची होती. ती आपोआप घडू लागण्यास लागलेला मध्यम कालावधी ६६ दिवसांचा निघाला. कोणाला १८ दिवस पुरले असते, तर कोणासाठी हा अंदाज २५४ दिवसांपर्यंत गेला. याच अभ्यासातील दुसरा निष्कर्ष नवशिक्यास अधिक दिलासा देणारा आहे. मध्ये एखादा दिवस चुकला तरी सवय जडण्याच्या प्रक्रियेस लक्षणीय बाधा येत नाही. एकवीस दिवसांत सवय लागते, या लोकप्रिय समजुतीवर विसंबलेला मनुष्य बाविसाव्या दिवशी अंथरुणात तळमळतो आणि स्वतःलाच दोष देतो. त्याला कोणी सांगितलेले नसते की अजून निम्मी वाटही सरलेली नाही.

या संदर्भात लोकमान्य टिळकांच्या तरुणपणाचे स्मरण होते. डेक्कन महाविद्यालयात दाखल झाले तेव्हा त्यांची प्रकृती किरकोळ होती. महाविद्यालयातील पहिले वर्ष त्यांनी प्राधान्याने शरीर कमावण्यास दिले आणि त्या वर्षीच्या परीक्षेतील अपयशही पत्करले. ध्यानात घेण्याजोगी बाब ही की त्यांनी आठवडा दिला नाही, महिना दिला नाही, वर्ष दिले. पुढे मंडालेच्या कारावासातील वर्षे ज्या देहाने सोसली, त्याची पायाभरणी अशी झाली होती. 'उत्साह होता तोवर व्यायाम केला' या वृत्तीतून असा देह घडत नाही.

समाजाने घालून दिलेली रीत

नियम पाळणे एकट्याला कठीण जाते, हे आपल्या पूर्वजांनी नेमके ओळखले होते. थंडीच्या पहाटे माणसाला उबेतून उठवण्याची कला या समाजाने शतकानुशतके जोपासली आहे. ती उपदेशाची कला नाही. अनेक गावांत कोजागरीपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत मंदिरात काकड आरती चालते. पहाटेच्या अंधारात टाळांचा आवाज येतो, शेजारचा मनुष्य जाता जाता हाक मारतो आणि म्हातारीकोतारी माणसेही घोंगडी लपेटून देवळाची वाट धरतात. त्यांना कोणी सकाळी उठण्याचे फायदे समजावून सांगितलेले नसतात.

पुढे डिसेंबरच्या मध्यास सूर्य धनू राशीत प्रवेश करतो आणि धनुर्मास, म्हणजेच आपला धुंधुरमास, सुरू होतो. वर्षातील सर्वांत गारठ्याचा हा महिना. नेमक्या याच महिन्यात पहाटे उठून स्नान करावे, सूर्योदयाच्या सुमारास नैवेद्य दाखवावा आणि गरमागरम जेवावे, अशी परंपरा आहे. बाजरीची भाकरी, लोण्याचा गोळा, मुगाची खिचडी, भरीत, लेकुरवाळी भाजी असा तो बेत. ज्या काळात उठणे सर्वांत कठीण, त्याच काळात उठण्याचे व्रत आणि उठलेल्यास सर्वांत रुचकर भोजन! मानसशास्त्राचे ग्रंथ न वाचलेल्या आजीने ही योजना घराघरात राबवली.

या दोन्ही रीतींत चार गोष्टी समान आढळतात. वेळ ठरलेली आहे. स्थान ठरलेले आहे. सोबत आहे. आणि शेवटी काहीतरी ऊबदार, गोड असे वाट पाहत आहे. व्यक्तीच्या इच्छाशक्तीवर पडणारा भार समाजाने हलका करून ठेवला आहे. पहाटे उठून 'जावे की न जावे' असा निर्णय घ्यायचाच नसतो, कारण तो निर्णय आदल्या पिढीनेच घेऊन ठेवलेला असतो.

संघाच्या दैनंदिन शाखेची रचनाही याच जाणिवेतून झाली. १९२५ साली विजयादशमीला नागपुरात आरंभ झालेल्या कार्याने पुढे जी पद्धत सिद्ध केली, तिच्या मुळाशी ठरलेले मैदान, ठरलेली वेळ आणि एक तास हे साधे सूत्र आहे. कौतुक बाजूस ठेवून खरे बोलायचे तर थंडीत प्रभात शाखेचीही उपस्थिती घटते. अर्ध्या विजारीचा गणवेश २०१६ साली बदलला, त्यापूर्वी थंडीचे निमित्त सांगणे अधिक सोपे होते आणि त्यानंतरही निमित्ते काही संपलेली नाहीत. परंतु संख्या घटली म्हणून मैदानावरचा तास रद्द होत नाही. दोघे आले तरी शिटी वाजते. जो आला नाही त्याच्या घराकडे कोणीतरी जातो आणि दार वाजवतो. शाखेचे यश उत्साही माणसांवर नव्हे, तर या दार वाजवणाऱ्या हातावर उभे आहे. नव्याने धावणाऱ्याने शाखेकडून एक गोष्ट उचलायची असेल, तर ती हीच. आपले दार वाजवणारा एक जण शोधावा आणि दुसऱ्या कोणाचे तरी दार आपण वाजवावे.

मांडव्याचा मुलगा

धावपटू जन्मावा लागतो, ही समजूतही नव्यांची उमेद खचवते. बीड जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यातील मांडवा गावच्या अविनाश साबळे यांचा प्रवास या समजुतीस छेद देणारा आहे. शेतकरी कुटुंबात, कष्टाच्या परिस्थितीत त्यांचे बालपण गेले. शाळा सहा किलोमीटरवर असल्याने ते अंतर पायी किंवा धावत कापावे लागे. तेव्हा त्याला कोणी क्रीडाप्रकार म्हणत नव्हते. बारावीनंतर ते सैन्यात महार रेजिमेंटमध्ये दाखल झाले. सियाचीनच्या हाडे गोठवणाऱ्या थंडीत आणि राजस्थानच्या वाळवंटात त्यांनी सेवा बजावली. स्पर्धात्मक धावण्याकडे ते वळले २०१५ साली, सैन्यातील क्रॉस-कंट्री शर्यतींतून, वयाची विशी गाठल्यावर. मध्यंतरी दुखापत झाली, वजन वाढले, ते मेहनतीने उतरवावे लागले.

त्यानंतरचा इतिहास सर्वविदित आहे. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीत, केनियाच्या धावपटूंच्या मिरासदारीला धक्का देत त्यांनी ८ मिनिटे ११.२० सेकंदांत रौप्यपदक मिळवले. सुवर्ण हुकले ते अवघ्या पाच शतांश सेकंदाने. २०२३ साली हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत त्यांनी याच प्रकारात सुवर्णपदक पटकावले.

नाशिक जिल्ह्यातील सावरपाड्याच्या कविता राऊत यांची वाटही अशीच खडतर होती. डोंगरातील लहानशा पाड्यावरून निघालेल्या या मुलीने २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये कांस्यपदक मिळवले. पाय सर्वांनाच असतात. या दोघांच्या पायांना रोज धावण्याचा परिपाठ लाभला आणि सैन्याने, प्रशिक्षकांनी, सोबत्यांनी तो परिपाठ मोडू दिला नाही. पदकाची आकांक्षा प्रत्येकाने बाळगावी असे नाही. परंतु विशीत प्रारंभ करणारा आशियाचा विजेता होऊ शकतो, तर चाळिशीत प्रारंभ करणारा पाच किलोमीटर न थांबता निश्चित धावू शकतो.

पहाटेची पथ्ये

आता काही व्यवहाराच्या गोष्टी. पांघरूण ते उंबरठा हे अंतर आदल्या रात्रीच कमी करावे. कपडे, मोजे, बूट बिछान्याजवळ काढून ठेवावेत. घड्याळाचा गजर हाताच्या अंतरावर नको, उठून जावे लागेल इतका दूर असावा. सोबत्याला रात्रीच होकार कळवावा. शब्द दिला की तो मोडताना संकोच वाटतो आणि येथे तो संकोच उपकारक ठरतो. उठल्यावर हवामान पाहत बसू नये. स्वतःशी करार करावा तो एवढाच की बूट घालून दाराबाहेर जायचे आणि दहा मिनिटे चालायचे. त्यानंतरही परत फिरावेसे वाटले तर खुशाल फिरावे. बहुतेक जण फिरत नाहीत.

घराबाहेर पडण्यापूर्वी पाच मिनिटे घरातच अंग मोकळे करावे. जागच्या जागी पावले उचलणे, खांदे-घोटे फिरवणे, चार-सहा सूर्यनमस्कार एवढे पुरते. आखडलेल्या स्नायूंना एकदम वेगात जुंपले की पोटरी व मांडीचे स्नायू दुखावतात. कपड्यांचा सर्वसाधारण नियम असा की बाहेर आहे त्यापेक्षा आठ-दहा अंशांनी अधिक ऊब आहे असे समजून पोशाख करावा. दाराबाहेर पाऊल टाकताना थोडे काकडायला झाले तर पोशाख योग्य आहे. जाड स्वेटर घालून निघालेला मनुष्य पंधराव्या मिनिटाला घामाने चिंब होतो आणि मग तोच ओला कपडा गारठा देतो. दोन पातळ थर, कानटोपी आणि हातमोजे हे एका जाड स्वेटरपेक्षा श्रेयस्कर. धावणे संपताच ओला सदरा बदलावा. थंडीत तहान कमी लागते, म्हणून पाण्याची गरज संपत नाही. कोमट पाणी आवर्जून प्यावे.

वेगाच्या मोहात पडू नये. आरंभी एक मिनिट धावणे आणि दोन मिनिटे चालणे, असे वीस-पंचवीस मिनिटे, आठवड्यातून तीन-चार दिवस पुरेसे आहे. सोबत्याशी बोलता येईल इतकाच वेग असावा. बोलताना धाप लागली तर वेग अधिक आहे. नवशिके धावणे सोडतात ते पुष्कळदा आळसामुळे नव्हे, तर पहिल्याच पंधरवड्यात केलेल्या अतिरेकामुळे. नडगी दुखू लागते, गुडघा कुरकुरतो आणि थंडीचे निमित्त पुढे येते. विश्रांतीचा दिवस हाही नियमाचाच भाग मानावा. त्या दिवशी ठरलेल्या वेळी उठून फिरावयास जावे, म्हणजे वेळेची शिस्त मोडत नाही.

काही बाबतींत जिद्द दाखवणे हा शहाणपणा नव्हे. थंडीत रक्तवाहिन्या आकुंचित झाल्याने रक्तदाब वाढतो. चाळिशी उलटलेल्यांनी, तसेच रक्तदाब, मधुमेह किंवा हृदयविकार असलेल्यांनी वैद्यकीय तपासणी करूनच प्रारंभ करावा. छातीत दडपण, डाव्या हातात किंवा जबड्यात वेदना, भोवळ असे काही जाणवल्यास तत्क्षणी थांबून रुग्णालय गाठावे. दम्याचा त्रास असणाऱ्यांना गार, कोरडी हवा बाधते. त्यांनी नाकातोंडावर रुमाल बांधावा, औषध जवळ ठेवावे आणि ऊन पडल्यावर धावावे. हिवाळ्याच्या पहाटे शहरातील धूर जमिनीलगत साचून राहतो. रहदारीचा रस्ता आणि कचऱ्याच्या शेकोट्या टाळून झाडांचे मैदान निवडावे. ताप असेल तर अंथरुणात राहणे हेच त्या दिवसाचे कर्तव्य होय.

ज्यांना धावणे भाग आहे

येथवर हौसेने किंवा प्रकृतीसाठी धावणाऱ्यांचा विचार झाला. परंतु याच थंडीत महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात असंख्य मुले-मुली वेगळ्या कारणाने धावत असतात. पोलीस शिपाई भरतीच्या मैदानी चाचणीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावे लागते. पन्नास गुणांच्या चाचणीत त्याला वीस गुण आहेत. सैन्यभरतीच्या शारीरिक चाचणीतही धावण्याची कसोटी असतेच. ज्या गावाला मैदान नाही, तेथील मुले अंधारात, धुक्यात, डांबरी रस्त्याच्या कडेने धावतात. ऊसवाहतुकीचे ट्रॅक्टर, दिवे नसलेली वाहने, डुलकी लागलेला चालक, यांपैकी काहीही त्यांच्या जिवावर बेतू शकते. या मुलांना प्रेरणेची भाषणे नकोत. त्यांना समतल केलेले एक मैदान आणि दोन दिवे हवे आहेत. तोपर्यंत त्यांनी किमान रस्त्याच्या उजव्या बाजूने, समोरून येणाऱ्या वाहनाकडे तोंड करून धावावे, फिकट किंवा चमकणाऱ्या पट्ट्यांचे कपडे घालावेत आणि कानांत गाणी लावू नयेत.

मुलींच्या बाबतीत प्रश्न आणखी गहिरा आहे. डिसेंबर-जानेवारीत सूर्योदय होईतो सात वाजत येतात. अंधारात एकटीने मैदानावर जाण्यास मुलगी धजावत नाही, तेव्हा तिच्या उमेदीत उणीव काढण्याचा अधिकार कोणासही नाही. उणीव असलीच तर ती गावाची आहे. ज्या वस्तीत चार घरच्या आया, एखादी शिक्षिका, निवृत्त सैनिक असे कोणी तासभर मैदानावर उभे राहतील, तेथे मुली आपोआप धावू लागतील. १९३७ साली डॉ. मुंजे यांनी नाशिकला भोसला सैनिकी शाळा उभी केली, तेव्हा तरुणांच्या शरीरबलाची चिंता ही समाजाची चिंता आहे हीच धारणा त्यामागे होती. त्याही आधी समर्थ रामदासांनी गावोगावी मारुतीची स्थापना करून बलोपासनेला देवळाच्या अंगणात आणून बसवले. बलोपासनेला जागा लागते आणि ती जागा समाजाने द्यावी लागते. आज अनेक गावांत मारुतीचे देऊळ आहे, परंतु त्यासमोरच्या अंगणात वाहने उभी असतात. ते अंगण पहाटेच्या एका तासापुरते तरी मोकळे करून देणे फार कठीण नाही.

धनुर्मास ते रथसप्तमी

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासानुसार भारतात दहा कोटींहून अधिक लोकांना मधुमेह असल्याचा अंदाज आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या संशोधकांच्या सहभागाने २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासात असे आढळले की भारतातील जवळजवळ निम्मे प्रौढ पुरेशी शारीरिक हालचाल करत नाहीत. पुरेशी म्हणजे किती, तर आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाची किंवा ७५ मिनिटे जोरकस श्रमाची हालचाल. राष्ट्राच्या सामर्थ्याच्या गोष्टी बोलणाऱ्या समाजाने हे आकडे आरशासारखे समोर धरावेत. जो समाज आठवड्यातील दीड-दोन तास स्वतःच्या देहाला देऊ शकत नाही, त्याच्या तोंडी बलोपासनेची भाषा शोभत नाही.

म्हणून एक सोपा संकल्प सुचवावासा वाटतो. धनुर्मासाचा आरंभ १६ डिसेंबरच्या सुमारास होतो. मकर संक्रांतीनंतर, जानेवारीच्या उत्तरार्धात किंवा फेब्रुवारीत रथसप्तमी येते. सूर्याच्या उपासनेचा हा दिवस अनेक ठिकाणी सामूहिक सूर्यनमस्कारांनी साजरा होतो. धनुर्मास ते रथसप्तमी हा काळ साधारण सहा ते नऊ आठवड्यांचा. नियम अंगवळणी पडण्यास लागणाऱ्या कालावधीच्या तो जवळ जातो आणि थंडीचा कडाकाही त्यातच येतो. या काळापुरते धावण्याचे व्रत घ्यावे. चार घरांची एक टोळी करावी. धुंधुरमासातील एका रविवारी धावून आल्यावर कोणाच्या तरी अंगणात बाजरीची भाकरी, लोणी आणि खिचडीचा बेत करावा. संक्रांतीला मैदानावरच तिळगूळ वाटावा आणि मध्येच गळालेल्याच्या घरी तो आवर्जून पोहोचवावा. न बोलता दिलेले ते निमंत्रण फार प्रभावी असते. रथसप्तमीला सूर्यनमस्कार घालून सर्वांनी मिळून पाच किलोमीटर धावावे. ज्याला जेवढे जमेल तेवढे तो धावेल, उरलेले चालेल. शेवटी येणाऱ्यासाठी सर्वांनी थांबावे, एवढाच त्या शर्यतीचा नियम.

मध्ये एखादा दिवस चुकेल. चुकू द्यावा. व्रत मोडले म्हणून सोडून देण्यापेक्षा दुसऱ्या दिवशी पुन्हा मैदानावर उभे राहणे अधिक मोलाचे आहे. लागोपाठ दोन दिवस चुकू नयेत, एवढे मात्र कटाक्षाने पाळावे.

रथसप्तमीनंतर ऊन तापू लागते, पहाट सुखद होते आणि मैदाने पुन्हा भरतात. त्या गर्दीत थंडीभर धावलेला मनुष्य ओळखू येतो. तो फार वेगाने धावतो असे नाही. पण त्याच्या मनात कोपऱ्यातल्या बुटांची सल उरलेली नसते. स्वतःला दिलेला शब्द त्याने अंधारात, कोणी पाहत नसताना पाळलेला असतो. अशा माणसाच्या शब्दावर मग घरही विसंबते, गावही विसंबते.

उद्या पहाटेही गारठा असेल, पांघरुणाची ऊब तितकीच प्रिय वाटेल. फक्त एका दाराशी कोणीतरी उभा असेल आणि कडी वाजवील. आतल्या माणसाने उठून दार उघडावे आणि दोघांनी मिळून पुढच्या दाराकडे जावे.

भारत माता की जय!